नखभर पीनट बटर

मी एक म्हातारा उंदीर आहे, मित्रांनो. वय विचाराल तर अजून वर्षही पुरतं भरलेलं नाही. तरी पाठीला पोक आलं आहे, केस विरळ झाले आहेत आणि चार पावलं चाललो की धाप लागते.

इलिनॉयमधल्या एका विद्यापीठाच्या तळघरात मी जन्मलो. माझा पणजा नुसतं फलित बीज होता, तेव्हा काचेच्या बारीक सुईने त्याच्यात वाढीच्या संप्रेरकाचं परकं जनुक सोडलं गेलं. तेच माझ्या वाट्याला आलं. इतरांच्या अंगात हे संप्रेरक गरजेपुरतं पाझरतं. माझ्या अंगात त्याचा नळ कायमचा उघडा राहिला. मी दुप्पट वाढलो. "बाप रे, हा उंदीर की ससा?" असं म्हणत लोक बघायला येत. मीही फुगून बसायचो. कौतुक कुणाला नको असतं? पण देह वाढला तसं आयुष्य आटलं, हे मला फार उशिरा कळलं.

आमची देखभाल करणारी डार्ला मला भोपळ्या म्हणायची आणि माझ्या भावाला ढोल्या. प्रमुख डॉक्टर व्हिटकर यांना ते खपत नसे.

"डार्ला, उंदरांना नावं द्यायची नाहीत, किती वेळा सांगू? मग तुलाच जड जातं."

"डॉक्टर, मी नवऱ्यालाही भोपळ्याच म्हणते. तोही दिवसभर खातो नि झोपतो."

डॉक्टर हसल्या, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मेंदूच्या तळाशी खसखशीएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यावर ग्राही असतात, म्हणजे कुलपंच समजा. संप्रेरकाची किल्ली त्यांत बसली की ग्रंथीला निरोप पोचतो. किल्ल्यांचा असा सुकाळ झाला तर कुलपं वाढतात की घटतात, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. जिवंतपणी ते दिसत नाही. त्यासाठी ढोल्याची निवड झाली. मला मात्र आपल्या मरणाने मरू द्यायचं ठरलं होतं.

ज्याची पाळी असते त्याला आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवतात. पोटात अन्न गेलं की संप्रेरकं वरखाली होतात. डार्लाला हे पक्कं ठाऊक होतं. पण सकाळी ढोल्या जाळीला तोंड लावून बसला होता, आणि तिला ते बघवेना. तिने करंगळीच्या नखावर पीनट बटर घेऊन त्याला चाटवलं. "रिकाम्या पोटी नको जाऊस रे बाबा," ती पुटपुटली.

दुपारी ढोल्याची चिरफाड उरकून डॉक्टर आल्या. "ह्याच्या पोटात खाणं कुठून आलं गं?"

"मी दिलं. उपाशी बघवला नाही मला."

"अगं, मग तो फुकट गेला ना."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर डार्लाला बरं वाटलं असतं. नोंदवही चाळत त्या म्हणाल्या, "ह्या वयाचा आता एकच उरलाय." डार्लाने माझ्याकडे पाहिलं नाही.

काल संध्याकाळी माझं खाणं तिनेच काढून नेलं. मला मरणाचं तितकं दुःख नाही. भाऊ गेला आणि कुणाच्याच कामी आला नाही, हे मात्र सोसवत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टरांसारखा पांढरा कोट घालेल. आमचा जीव घेण्याआधी त्याची खरंच गरज आहे का, हे दहादा विचारा. आणि घेतलाच, तर तो वाया घालवू नका. आमच्याजवळ दुसरा नसतो.

डार्ला दार उघडते आहे.

डार्ला, मला भूक लागली आहे, पण आज काही देऊ नकोस. फक्त हळू उचल.