माक्याचं तेल

"अंकल, हाथ मत लगाइए," पहारेकरी हळूच म्हणाला, तसा दत्तात्रयांनी हात मागे घेतला. इतकी वर्षं जी गोधडी अंगावर घेतली, तिच्यापासून आता हातभर लांब उभं राहायचं होतं.

गुरुग्रामच्या या नव्या कलासंग्रहालयात, पांढऱ्याशुभ्र भिंतीवर वृंदाची गोधडी टांगली होती. वृंदा असती तर म्हणाली असती, "अहो, भिंतीला थंडी वाजते का?" ते मनाशी हसले.

लग्नानंतर थोड्याच वर्षांनी हीच गोधडी पिशवीत घालून दोघं दिल्लीतल्या एका चित्रदालनात गेले होते. "बहनजी, ये आर्ट नहीं है. किसी एम्पोरियम में दिखाइए," तिथल्या साहेबाने घडीसुद्धा न उलगडता सांगितलं. घरी येऊन तिने गोधडी पलंगावर टाकली, ती कायमचीच.

आता काळ फिरला होता. घरातल्या बायकांच्या शिवणकामाचं प्रदर्शन मांडायचं म्हणून शिवांगी नावाची पुण्याची मुलगी मयूर विहारला त्यांच्या घरी आली. वृंदाला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. गोधडीच्या एका कोपऱ्यावर तेलकट डाग होता. शिवांगीने त्याचे फोटो काढले.

"केसांसाठी ती माक्याचं तेल घरीच कढवायची," दत्तात्रय ओशाळून म्हणाले. "आणि डोक्यावरून पांघरूण घेतल्याशिवाय तिला झोप येत नसे."

"काका, जशी आहे तशीच द्या हं," जाताना शिवांगी म्हणाली.

हे ती भिडेपोटी म्हणाली, असं त्यांना वाटलं. घराबाहेर जाणारी कुठलीही वस्तू, अगदी शेजारणीचा डबासुद्धा, वृंदाने कधी लख्ख केल्याशिवाय दिली नव्हती. चारचौघांत तिचं नाव लागणार आणि गोधडी मळकी? त्यांनी ती रिठ्याच्या पाण्यात भिजवली, डाग जीव तोडून घासला, गच्चीवर कडक उन्हात वाळवली. घडी घालताना त्यांनी सवयीने त्या कोपऱ्याला नाक लावलं. वृंदा गेल्यापासून ते रोज तसेच झोपत. कोपऱ्याला नुसता उन्हाचा वास होता. त्यांनी घडी उलगडून बाकीचे तीनही कोपरे हुंगून पाहिले.

"काका," संग्रहालयात त्यांच्या मागे शिवांगी येऊन उभी राहिली होती. "पार्सल उघडलं तेव्हाच कळलं मला. तुम्हाला विचारायचा धीर झाला नाही."

"तिने धुतल्याशिवाय दिली नसती गं," दत्तात्रय म्हणाले.

शिवांगीने गोधडीशेजारच्या छोट्या पाटीकडे बोट दाखवलं. त्यावर लिहिलं होतं: वृंदा बोडस. जुन्या साड्या, सुती दोरा, माक्याचं तेल.

"ही आधीच छापून आली होती. पण आता चुकीची आहे ना, उद्या बदलते. तेल काढून टाकू?"

दत्तात्रयांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला आणि पाटी सावकाश वाचली.

"नको," ते म्हणाले. "आता तेवढ्या एकाच जागी उरलंय ते."

मग हात मागे बांधून, सांगितलं होतं तेवढं अंतर ठेवून, ते गोधडीसमोर उभे राहिले.