ओस्ताराची अंडी

कोल्ह्याने ऑड्रीचा वाफा पार उकरून टाकला होता. तीन आठवड्यांपूर्वी ओस्ताराच्या, म्हणजे वसंताच्या सणाला पुरलेली अंडी फुटून गवतावर पसरली होती. कुजका वास सुटला होता. नाकाला फडकं बांधून ती बादली घेऊन बसली.

दिवस-रात्र सारखे होतात त्या ओस्ताराच्या दिवशी त्यांचं विक्का या निसर्गपूजक पंथाचं मंडळ तिच्याच बागेत जमे. कच्च्या अंड्यावर मेणाने इच्छा लिहायची, कांद्याच्या सालींच्या गार पाण्यात ते रंगवायचं आणि पुरायचं. अंडं कुजलं की इच्छा मातीला पोचली. दुसऱ्याचं अंडं वाचायचं नाही, एवढा मात्र नियम. अकरा वर्षं ऑड्रीने तो पाळला, आणि अकरा वर्षं सगळ्यांची खरकटी भांडीही घासली. म्हाताऱ्या विनिफ्रेडनंतर मंडळाची पुजारीण आपणच, हे ती धरून चालली होती. मे महिन्यात मंडळ पेटवी त्या होळीला नाव जाहीर व्हायचं होतं.

पण टरफलं गोळा करताना डोळे मिटणार कसे? एकावर ‘नवी मोटार’. एकावर ‘सासूबाई सुटोत’. शी! आणि एकावर ससा. ससा फक्त विनिफ्रेड काढे. त्याखाली सुबक अक्षरं: ‘पुजारीण रोझमंड व्हावी. ऑड्रीला मेपर्यंत कळू नये.’ रोझमंडही मंडळातलीच.

तेवढ्यात फाटक वाजलं. विनिफ्रेडच होती.

“ऑड्री, अगं, होळी यंदाही तुझ्याकडेच हं! तुझ्यासारखं कोण करतं गं? ई, कसला घाण वास हा!”

“तुमच्या सशाचा.”

विनिफ्रेड बादलीत डोकावली आणि पांढरी पडली. “दुसऱ्याचं अंडं वाचलंस? लाज नाही वाटली?”

“वाटली ना. अकरा वर्षं तुमच्या ताटल्या घासल्या, त्याची.”

“मंडळाच्या भल्यासाठीच गं...”

ऑड्रीला तिच्या गोड आवाजाचीही शिसारी आली. उकरलेल्या वाफ्याच्या तळाशी एकच अंडं धड राहिलं होतं, तिचं स्वतःचं. ‘मला निवडा.’ भीक मागितल्यासारखी ती अक्षरं बघून तिला कुजक्या बलकाहून जास्त किळस वाटली, ती स्वतःची.

तिने ते अंडं बादलीतच फोडलं. बादली उचलली, विनिफ्रेडच्या गाडीचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर ठेवली, झाकण न लावता.

“रोझमंडची बाग मोठी आहे,” ती म्हणाली. “तिकडे पुरा.”