टोपीखालची शिट्टी

मी एक जुनं कानाचं मशीन बोलतोय. मित्रांनो, मोठ्यानं बोलतोय म्हणून दचकू नका. हळू बोललं तर कोणी ऐकायचं नाही, अशीच आमच्या घरची रीत आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी शेंगदाण्याहून जरासाच मोठा आणि चांगला चकचकीत होतो. कान तपासणाऱ्या बाईंनी मला माझ्या मालकिणीच्या कानामागे बसवलं आणि बजावलं, "याला वाफेपासून जपा हं." आणि मी गेलो कुठे? लॉन्ड्रीत! कपाळ माझं! मालकीण हॉटेलच्या चादरींना इस्त्री करते. सगळीकडे वाफेचे लोट, आणि कपडे पिळणाऱ्या यंत्रांची दिवसभर धडधड. त्या धडधडीनंच तिचे कान खाल्ले. तरी मी इमानेइतबारे राबलो. दारावरची थाप, कुकरची शिट्टी, धाकट्या बहिणीची बोलणी, सगळं पोचवलं. लोक म्हणायचे, "काय छान ऐकू येतं हो आता तुम्हाला!" मेहनत माझी, कौतुक तिचं.

मग तिच्या आयुष्यात तो बँड आला. चार पोरं, घरच्या घरी गाणी बनवणारी. रेडिओवर त्यांना कुत्रं विचारत नाही. पण लॉन्ड्रीच्या गोंगाटातही त्या गायकाचा शब्द न् शब्द तिला कळायचा, आणि तेवढ्यावर बाई वेडी झाली. घरी पूर्ण आवाजात तीच ती गाणी. बहीण म्हणायची, "ताई, भिंतींना तरी दया येऊ दे!" त्यातलं एक संथ गाणं, एक गिटार आणि एक गळा एवढंच असलेलं, तिच्या जिवाचं. ते त्यांनी स्टेजवर कधीच म्हटलं नव्हतं.

इकडे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की उरलेलं ऐकणंही हळूहळू जाणार. त्यात बातमी आली की बँड आपल्या गावात येतोय आणि या वेळी ते गाणं म्हणणार आहे. मालकिणीनं डोळे पुसले. "एकदा समोर बसून ऐकलं की सुटले," ती म्हणाली.

आता माझं दुखणं ऐका. कानात बसणारा माझा रबरी साचा कडक होऊन सैल पडला होता. तो सैल झाला की आवाज बाहेर गळतो आणि मी कुईं करून शिट्टी मारतो. ती मी हौसेनं मारत नाही, मित्रांनो! कानाच्या बाईंनी दोनदा सांगितलं, साचा बदला. हिचं उत्तर ठरलेलं, "बघू पुढच्या महिन्यात." टोपी विणायला मात्र वेळ होता. बँडचं नाव घातलेली जाड लोकरी टोपी, ती कानावरून ओढून माझ्यावरच चढवली. वर माझा आवाज शेवटपर्यंत वाढवला, का तर एक शब्द सुटायला नको! टोपीनं मला झाकलं की मी जास्तच कोकलतो, हे हिला कोण सांगणार? आणि तो बारीक आवाज हिला स्वतःला ऐकूही येत नाही.

कार्यक्रम एका जुन्या गोदामात होता. कुरकुरत का होईना, बहीणही सोबत आली होती. पहिली गाणी दणदणाटी. मी जिवाच्या आकांतानं पोचवत होतो, पण तिच्यापर्यंत नुसती धडधड जात होती. "अगं, हे तर लॉन्ड्रीसारखंच आहे!" ती बहिणीच्या अंगावर ओरडली. मग गायकानं हात वर केला. सगळे गप्प झाले. गिटारची पहिली तार वाजली आणि माझी शिट्टी सुटली. कुईंऽऽ!

आवाज सांभाळणारा माणूस ताडकन उठला आणि आपल्याच वायरी उपसत बसला. गायकानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा कुईं!

"काय झालं गं?" मालकिणीनं विचारलं.

"कोणीतरी शिट्टी वाजवतंय," बहीण तिच्या कानाशी म्हणाली.

"काढा त्या मूर्खाला बाहेर!" मालकीण गरजली. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिसऱ्यांदा शिट्टी वाजली तेव्हा बहिणीचं लक्ष टोपीकडे गेलं. "ताई... तूच गं."

तिकडे गायक वैतागून म्हणाला, "जाऊ दे, हे गाणं राहू दे."

मालकिणीचा चेहरा पडला. तिनं टोपी काढली, मला कानातून ओढलं आणि हात वर केला. "थांबा! माझं मशीन होतं ते. बंद करते. तुम्ही म्हणा."

"अगं, मग तुला ऐकू कसं येणार?" बहीण ओरडली. मी मुठीत होतो, मला ऐकू आलं. तिला आलं नाही, पण प्रश्न कळला असावा.

"बाकीच्यांना तरी ऐकू दे," ती म्हणाली, आणि माझं बॅटरीचं झाकण उघडलं.

पुढचं मला माहीत नाही. ज्या गाण्यासाठी एवढी यातायात, त्याच वेळी मी बंद! संताप संताप झाला माझा.

झाकण लागलं तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो. "कसं म्हटलं त्यानं?" मालकिणीनं विचारलं. बहीण त्या बँडच्या नावानं कायम बोटं मोडणारी. तिनं इकडेतिकडे पाहिलं, तोंड माझ्याजवळ आणलं आणि भर रस्त्यात ते गाणं सुरू केलं. इतकं बेसूर मी आयुष्यात काही पोचवलं नव्हतं. पण कडव्यामागून कडवं, तो कुठे थांबला, कुठे त्याचा आवाज कापला, सगळं तिनं करून दाखवलं. मी एक श्वाससुद्धा गाळला नाही.

"पुन्हा म्हण," मालकीण म्हणाली. बहिणीनं पुन्हा म्हटलं.

साचा? अजून तोच आहे! "बघू पुढच्या महिन्यात!" म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या कानामागे माझा भाऊबंद असेल, तर आजच त्याचा साचा बघा आणि त्या माणसाचा हात धरून त्याला कानाच्या बाईंकडे न्या. माझ्या मालकिणीच्या कानांत अजून थोडं ऐकणं उरलंय. ते आहे तोवर मला तिच्यापर्यंत त्या गायकाचाच आवाज पोचवायचाय.