खडपावरचा अंदाज

सदाच्या हवामान अंदाजावर गावाचा पुरता विश्वास होता. फक्त तो उलटा धरायचा, एवढंच गावाने ठरवलेलं होतं.

"आज दर्या मऊ हाय, खुशाल उतरा," असं सदा सकाळी भोंग्यावरून म्हणाला, की भिकू नाखवा आपली होडी वाळूवर आणखी दोन हात वर ओढून घ्यायचा. आणि "आज दर्याला जोर हाय, कोणी उतरू नका," असं आलं, की बायका पाट्या घेऊन कातळाला चिकटलेली कालवं काढायला निघायच्या. दोन हंगाम हा नेम चालला आणि एकदाही फसला नाही. टीव्हीवरच्या बाईलाही इतकं नेमकं जमलं नव्हतं. गाव खूश होतं. नाखूश एकटा सदा. साठी उलटलेल्या त्या माणसाची एवढीच इच्छा होती, की आपला शब्द कोणीतरी एकदा सरळ धरावा. सगळ्या गावाने नाही धरला तर नाही, निदान नीराबाईने तरी. नीराबाई म्हणजे त्याची बायको.

मुळात सदाला हे काम मिळालं ते त्याच्या दाढीमुळे. तो जन्मभर मच्छीमार बोटीवर होता हे खरं, पण भंडारी म्हणून. बाकीचे जाळी ओढायचे, हा भात रांधायचा. दर्या त्याला लागायचा. दर्याकडे त्याचं तोंड व्हायचं ते फक्त ओकताना. पण दाढी अशी पांढरीशुभ्र, की बघणाऱ्याला वाटावं, यानेच वारा सोडला असेल.

निकेतला तसंच वाटलं. निकेत ठाण्याचा. गावासमोर हाकेच्या अंतरावर ओहोटीला काळ्या कातळाची लांब रांग उघडी पडते, तिला गाव खडप म्हणतं. त्या खडपावर लाट कशी सुरेख फुटते याचा शोध निकेतला लागला. गावाला ती लाट फुटताना आजा-पणजापासून दिसत होती, पण तिच्यावर उभं राहण्याचे पैसे मिळतात, हे कोणाला सुचलं नव्हतं. निकेतने नारळीच्या वाडीत खोल्या बांधल्या, फळीवर उभं राहायला शिकवण्याची शाळा काढली आणि गावात फळीवाल्यांची ये-जा सुरू झाली. त्यांना रोज सकाळी लाटेचा, वाऱ्याचा, भरती-ओहोटीचा अंदाज लागतो. तो निकेतच्या फोनवर यायचाच. पण फोनला दाढी नसते. म्हणून सदाला लाल टोपी घालून, कमरेला कोळ्याचा रुमाल नेसवून सकाळी दगडावर उभं करायचं, त्याने डोळ्यांवर हात धरून दर्याकडे बघायचं, आणि निकेतने कानात सांगितलेलं भोंग्यात बोलायचं, अशी सोय झाली. रुमाल सदा लग्नानंतर पहिल्यांदाच नेसत होता. नीराबाई म्हणाली, "तेव्हा पण लाज वाटली होती मला."

आता निकेत काही वाईट माणूस नव्हता. पण शनिवार-रविवारी खोल्या भरलेल्या असत, आणि भरलेल्या खोलीला 'आज दर्या खराब' असं सांगितलं की ती रिकामी होते. तेव्हा शनिवारी दर्या कसाही असला तरी मऊ. उलट मंगळवार-बुधवारी गिऱ्हाईक नसायचं, शिकवणाऱ्या पोरांना सुट्टी हवी असायची, तेव्हा दर्या कितीही निवांत असला तरी जोरात. गावाला ही आतली गोष्ट माहीत नव्हती. गावाला फक्त एवढं कळलं, की सदाच्या मऊ दर्याने भिकू नाखव्याची जाळी फाडली, आणि सदाच्या जोराच्या दर्यात बायकांनी पाट्या भरभरून कालवं आणली. गावकीत पाटलांनी निकाल दिला, "सदाचा उलटा धरायचा." तेव्हापासून काळ्या दगडावरची रेघ. पुढे तर लग्नाचा मांडव घालायचा तरी सदाला विचारत, पाऊस येईल का रे? सदा नाही म्हणाला की ताडपत्री आणायला बोर्लीला माणूस धावायचा.

आणि घरी नीराबाई. "अवो, भाजीत मीठ बरोबर हाय का?"

"बरोबर हाय."

"मंग घालते अजून थोडं."

मे महिन्यातली अवस आली. अवसेची ओहोटी म्हणजे खडप पार शेंड्यापर्यंत उघडं पडायचं, जाडजूड कालवं तिकडेच. वर्षातली शेवटची कमाई, नंतर पावसाळा. बायका आठवडाभर कोयत्यांना धार लावत होत्या. बोर्ली पंचतनच्या बाजारात नीराबाईची कालवं बसल्या बसल्या संपायची. तिने शेंड्यावरची जागा आधीच सांगून ठेवली होती आणि ती घेण्याची हिंमत कोणात नव्हती.

आणि तो शनिवार होता. फटफटत होतं. निकेतच्या खोल्या तर भरलेल्याच, वाळूवर तंबूसुद्धा ठोकलेले. सदा रुमाल सावरत दगडाशी आला तर निकेत आधीच येऊन उभा. चेहरा उतरलेला.

"काका, आज खरं बोलायचंय."

सदाला नीट कळेना. "म्हणजे कसं?"

"म्हणजे आज खरंच खराब आहे. खाली दक्षिणेत कुठेतरी मोठं वादळ झालंय. तिथल्या पाण्याचा फुगवटा आज आपल्याकडे पोचतोय. वारा नाही, काही नाही, पाणी एकदम शांत दिसणार. मग मध्येच दोन-तीन डोंगर येणार आणि परत शांत."

सदाने डोळ्यांवर हात धरून दर्याकडे पाहिलं. सवयीने. दर्या परातीत ओतलेल्या तेलासारखा पडला होता.

"खोल्यांचं काय?"

"पैसे परत देईन. एक जरी गेला तर शाळाच बंद होईल, काका. बोला लवकर, काहीजण निघालेत."

सदाने भोंग्याचा माईक हातात घेतला. खालच्या बाजूला फळीवाले. ते सरळ धरणार. वरच्या बाजूला गाव. ते उलटं धरणार. खरं बोललो तर हे वाचतील आणि बायका खडपावर जातील. खोटं बोललो तर बायका घरी बसतील आणि हे जातील.

"निकेतशेठ, गावाला वेगळं सांगायला लागंल."

"वेगळं काय? सगळ्यांना एकच सांगा ना."

"तसं न्हाय ते. माझं गावात…"

"काका! तो बघा, तो पाण्यात पाय घालतोय!"

सदा बोलला. "आज दर्याला जोर हाय. कोणी उतरू नका." पाण्यात पाय घातलेला माणूस थांबला. सदाने दम घेतला आणि निकेतने न सांगितलेलं वाक्य आयुष्यात पहिल्यांदा भोंग्यात घातलं. "गाववाल्यांनो, हे खरं हाय. आज उलटं धरू नका. आईशप्पथ. नीरे, कोयती ठेव खाली!"

वर गावात हशा पिकला. तो सदाला खाली ऐकू आला.

हशा पिकण्यासारखंच होतं. उलटं धरू नका, हेही भोंग्यावरूनच आलेलं. काशी म्हणाली, "आयो, आज तर शप्पथ घातली! म्हणजे दर्या किती मऊ असंल!" घरी राहिलेल्या दोघीजणीही पाट्या घेऊन बाहेर पडल्या.

सदा रुमाल खोचून पळत निघाला. बायका वाळू ओलांडून खडपाच्या तोंडाशी पोचल्या होत्या. पुढे नीराबाई, मागे काशी, सोनूबाई आणि बाकीच्या.

"नीरे, थांब!"

"आले बाई, भोंगेवाले आले!" काशी म्हणाली. "भावोजी, रुमाल सुटतोय, तेवढा सरळ धरा."

सदाने नीराबाईची पाटी धरली. "निकेतने सांगितलंय. खरं हाय आज."

"तो रोज सांगतो न्हाय का? तुमी स्वतःच्या डोक्यातलं कवा बोललाव?"

"आज बोललो की! शेवटचं माझं होतं."

"मंग तर जायालाच पायजे," नीराबाई म्हणाली, आणि बायका पुन्हा हसल्या. नीराबाई हसली नाही. तिने दर्याकडे एकदा नीट बघितलं. तिचा बाप, आजा, सगळे दर्यावरचे. वारा नव्हता. पाण्यावर सुरकुती नव्हती. तिच्या डोळ्यांनी, बापाच्या, आज्याच्या डोळ्यांनी दर्या मऊ होता. नवरा खोटा आणि दर्या खरा, हा तिचा आजवरचा हिशेब, आणि तो कधी चुकला नव्हता.

"अवो, इतकी काळजी हाय तर चला की संगती," ती म्हणाली. "शेंड्यावर बसा. पाटी धरा."

सदाने खडपाकडे पाहिलं. कातळाच्या फटींतून पाणी वरखाली होत होतं. तेवढ्यानेच त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकायच्या आधी सुटतं तसं. त्याने पाटी सोडली.

"बघितलंव?" नीराबाई म्हणाली आणि गेली.

कोयत्यांचा ठकठक आवाज बराच वेळ येत होता. सदा वाळूवर बसून होता. तंबूवाले चहा पीत होते. दर्या इतका शांत होता, की सदाला थोडी लाजच वाटायला लागली. त्याच्या मनात आलं, आजही आपलं उलटंच होणार, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला ते हवंसं वाटलं.

मग लांब पाण्याला एक रेघ आली. तिच्या मागे दुसरी. पहिली लाट खडपाच्या शेंड्यावर उभी राहिली तेव्हा तिच्यातून पलीकडचं उजाडलेलं आभाळ हिरवं दिसत होतं. तंबूवाल्यांत कोणीतरी "वा!" म्हणालं. तीन लाटा आल्या. मग दर्या परत परातीतला झाला.

निकेतची शिकवणारी पोरं फळ्या घेऊन घुसली, हे सांगायला हवं. काशीला आणि आणखी एकीला त्यांनीच बाहेर काढलं. सोनूबाईचा हात मोडला. बाकीच्या सोलवटून निघाल्या, पण आल्या. सदाही कमरेइतक्या पाण्यात गेला होता. तिथे उभा राहून तो हाका मारत होता आणि ओकत होता. शेंड्यावर कोणी नव्हतं. दुपारच्या भरतीने नीराबाईला वाळूवर आणून ठेवलं.

दिवसकार्य झाल्यावर गावकी बसली. पाटलांनी सदाला समोर बसवलं.

"सदा, तू खरं बोललास. त्याबद्दल कोणाचं म्हणणं न्हाय. पण आधी सांगायला नको?"

"सांगितलं की. उलटं धरू नका म्हणून."

"ते भोंग्यावर. भोंग्यावरचं आपण उलटं धरतो, हे तुला ठाऊक न्हाय काय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. मुद्दा बिनतोड होता. भिकू नाखवा समजुतीने म्हणाला, "माणसानं खोटं बोलावं न्हायतर खरं बोलावं, पण मधीच बदलू नये रे. लोकांनी काय करायचं?" अखेर असं ठरलं, की झालं ते झालं, यापुढे सदाचं सरळ धरायचं. एकमताने ठरलं. सदाने दोन हंगाम वाट पाहिलेली गोष्ट पाच मिनिटांत झाली आणि लोक चहाला उठले.

पावसाळा गेला. निकेत शाल आणि नारळ घेऊन आला. त्या सकाळचं चित्रीकरण लाखो लोकांनी पाहिलं होतं. त्यात दगडावरचा सदा होता, त्याची दाढी होती, 'कोणी उतरू नका' होतं. पुढचं वाक्य लांबी वाढते म्हणून कापलं होतं. तंबूतले सगळे या म्हाताऱ्यामुळे वाचले, असं खाली लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. शाल पांघरताना निकेतचे डोळे भरून आले, हेही खोटं नव्हतं.

"काका, आता लोक तुमच्यासाठी येतात," तो म्हणाला. "दसऱ्यानंतरचा पहिला शनिवार पूर्ण भरलाय."

"दर्या कसा हाय शनिवारचा?"

"ठीकच आहे. थोडा उलटासुलटा." निकेतने शालीचं टोक सारखं केलं. "तुम्ही थोडं गोड बोला. एवढं काही नाही होणार."

शनिवारी सदा दगडावर उभा राहिला. खाली फळीवाले, हातात फोन धरून. वरच्या बाजूला घराघरांच्या दारात बायका, पाट्या घेऊन. काशीही होती. या खेपेला सगळे एकाच बाजूने ऐकत होते, सरळ. सदाने माईक तोंडाशी धरला.

"मला दर्यातलं काय कळत न्हाय," तो म्हणाला. "कधी कळलं न्हाय. मी भात रांधायचो."

आणि माईक ठेवून तो खाली उतरला.

फळीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढा मोठा माणूस आणि केवढी नम्रता! वर गावात मात्र वाद लागला. सरळ धरायचं ठरलेलं, पण सरळ धरलं तर हाती काहीच लागेना. एकजण म्हणाला, मग याला पुन्हा उलटं धरू. तर त्याचा अर्थ सदाला दर्यातलं सगळं कळतं असा निघाला, आणि ते कोणाला पटेना. "पण जायाचं का न्हाय जायाचं?" काशी विचारत राहिली.

सदा तोवर घरी जाऊन आला होता. एका हातात नीराबाईची पाटी, दुसऱ्या हातात तिची कोयती. अंगावर तोच रुमाल. तो वाळू ओलांडून खडपावर चढला, अडखळत, दोनदा हात टेकत शेंड्यापर्यंत गेला आणि तिथे जाऊन ओकला. मग बसून कालवं फोडायला लागला. एकही धड निघालं नाही.

गावाला वाटलं, चला, आता तोंडाने नाही तर पायांनी तरी सांगतोय. सदा खडपावर दिसला की जायचं, नाही दिसला की घरी बसायचं. आठवडाभर हा नेम बायकांनी पाळला.

मग भिकू नाखव्याच्या लक्षात आलं, की सदा रोजच जातो. मऊ दर्याला जातो, जोराच्या दर्यालाही जातो. तेव्हापासून त्याच्याकडे बघणंही गावाने सोडून दिलं. त्यावरून काहीच अंदाज येत नाही.