पाच कप्प्यांचा डबा

तिने पाचव्या कप्प्यातली कार्डं पलंगावर ओतली आणि पुन्हा मोजली. पंधरा दिवसांपूर्वी चौऱ्याऐंशी होती. आता एकावन्न.

डब्याचा नियम झाकणावर तिच्याच अक्षरात होता : जर्मन शब्द आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात. आठ महिने तिने तो पाळला होता. प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या लावताना कानात जर्मन बातम्या, घरी स्वतःचे उच्चार फोनवर रेकॉर्ड करून ऐकणं, आणि चहाआधी हा डबा. शिकवणी नाही, कुणाची मदत नाही. गेला पंधरवडा नमुना प्रश्नपत्रिकांत गेला, तेवढाच डबा बंद होता. परीक्षा परवा होती. पास झाली की जर्मनीतल्या हॉस्पिटलातली नोकरी पक्की.

रक्त, लघवी, सूज, ताप. झोपेतही आठवतील असे शब्द पहिल्या कप्प्यात येऊन पडले होते.

"माझ्या डब्याला कोणी हात लावला?"

"माझ्याकडे बघू नकोस," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "मला चष्मा लावूनही अळी दिसत नाही, तुझ्या चिठ्ठ्या कुठून दिसणार!"

राहिला नवरा. तो ओट्याखाली आडवा होऊन सिंकचा पाइप खोलत होता. सहा दिवस लोकांचे नळ, सातव्या दिवशी घरचा. 'तू जा, मला या वयात भाषाबिषा जमायची नाही,' असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"मी नापास व्हावं म्हणून चाललंय ना हे?"

"पाना दे जरा."

"आधी उत्तर दे! स्वतः यायचं नाही आणि मलाही जाऊ द्यायचं नाही. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून चोरून कार्डं मागे ढकलायची!"

ओट्याखाली खुडबुड चालूच राहिली. तिने पाना त्याच्या पायाशी आदळला आणि तरातरा खोलीत परतली.

मागे गेलेली तेहतीस कार्डं तिने ओळीने मांडली. सगळी दवाखान्यातली. दवाखान्यातला एकही शब्द पाचव्यात उरला नव्हता. मग तिने बाकीचे कप्पे तपासले. तिसऱ्यात सगळ्यात पुढे 'पाना' होता. तिच्या कपाळावर आठी पडली. हा शब्द तिला कधीच आला नव्हता. कार्डाच्या मागे पेन्सिलीने तिच्या चुकांच्या सहा तारखा होत्या. त्याच्यामागे 'नळ', 'गळती', 'झडप'. घराच्या धड्यातले, तिने वैतागून पहिल्याच कप्प्यात सोडून दिलेले.

तिने चारही कार्डं पुन्हा वाचली; सगळे शब्द त्याच्या रोजच्या कामातले. मग पेन्सिल उचलून स्वयंपाकघरात गेली आणि ती ओट्याखाली भिरकावली.

"निदान मागे तारीख तरी टाकायची!" ती ओरडली. "आता माझं चुकलेलं कुठलं आणि तुझं कुठलं, कसं कळायचं मला?"

खुडबुड थांबली. थोड्या वेळाने एक काळवंडलेला हात बाहेर आला आणि फरशीवर पेन्सिल चाचपू लागला.