फोनवर ‘येतो’ म्हणू नये

"जिने असलेली सगळी चित्रं निवडा," ऑफिसातल्या टायपिस्टबाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं वाचून दाखवलं आणि लिफ्टकाका विचारात पडले.

चौकोनी चौकोनी चित्रं होती. एकात सरळसरळ जिना होता, त्याबद्दल वादच नव्हता. दुसऱ्यात नुसता कठडा होता. तिसऱ्यात पायऱ्या होत्या, पण एखाद्या बँकेच्या दारापुढे असतात तशा, मोजून तीन. तीन पायऱ्यांना जिना म्हणायचं का? लिफ्टकाकांचा सगळा जन्म जिन्याशी स्पर्धा करण्यात गेला होता, त्यामुळे या विषयावर त्यांना मत होतं. जिना म्हटला की चढताना धाप लागली पाहिजे, असं ते म्हणाले. बाईंनी त्यांच्या मताप्रमाणे तीन पायऱ्या वगळल्या. पडद्याला ते पटलं नाही. त्याने नवी चित्रं मांडली आणि पुन्हा जिने शोधायला सांगितलं.

"हे कशाला विचारतायत पण?"

"तुम्ही माणूस आहात की मशीन, ते बघतायत."

 महिनाअखेर काकांची जाळीच्या दाराची लिफ्ट निघून तिथे बटणांची नवी बसणार होती. आत स्टुलावर बसायला माणूस लागत नाही, अशी. माणूस असल्याचा पुरावा नेमका आताच मागावा, याची त्यांना गंमत वाटली आणि थोडं वाईटही वाटलं.

लिफ्टकाकांना खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. कचेऱ्यांनी गच्च भरलेल्या त्या जुन्या इमारतीत साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना लिफ्टकाकाच म्हणत. "एवढा प्रवास केला मी, पण गेलो कुठे? तळमजला ते सहावा," असं ते स्वतःच सांगत आणि समोरचा हसायच्या आत स्वतःच हसत. असल्या माणसाला अचानक परदेशी जायचं होतं आणि त्याचं कारण हसण्यासारखं नव्हतं. तिकडे त्यांची ताई आजारी होती. भाच्याचा फोन आला होता. "मामा, जमलं तर लवकर या," एवढंच तो म्हणाला होता. त्यातल्या ‘लवकर’ शब्दाने काकांची झोप उडवली. पण जायचं तर व्हिसा हवा, व्हिसासाठी मुलाखत हवी, मुलाखतीसाठी तारीख हवी आणि तारखेच्या दारात हे जिने उभे होते.

शेवटी जिने संपले. कॅलेंडर उघडलं तर ते सगळं लाल. लाल म्हणजे जागा नाही. टायपिस्टबाई पान उलटत गेल्या. दोन महिने ओलांडल्यावर कुठेतरी एक हिरवा चौकोन सापडला. तो त्यांनी चटकन पकडून ठेवला.

"तोपर्यंत ताई..." बाईंनी वाक्य सुरू केलं आणि चष्मा पुसायला घेतला. काकांनी त्यांचे आभार मानले आणि ते आपल्या स्टुलावर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी चौथ्या मजल्याच्या माणसांना पाचव्यावर सोडलं.

घरी बायकोचं वेगळंच होतं. तात्पुरता व्हिसा म्हणजे काय, तो मधेच संपला तर माणसाला विमानातून उतरवतात का, अशा तिच्या शंका होत्या. काकांनी आपल्याला कळलं होतं तेवढं सांगितलं: जायचं, भेटायचं, परत यायचं. "मग तसं सरळ लिहा की," ती म्हणाली. तसं सरळ लिहायला अर्जात जागाच नव्हती. सहल, व्यवसाय, उपचार, इतर, असे खण होते. मरणाला टेकलेल्या बहिणीला बघायला जाणं हे ‘इतर’मध्ये पडत होतं. काकांना ते फार लागलं. ताई आणि इतर?

आई गेली तेव्हा काका पहिलीत होते आणि ताईची शाळा त्याच वर्षी सुटली. वेणी घालायच्या वयात तिने भावाला वाढवलं. ताईची शिस्त कडक होती, पण सगळ्यात कडक होती ती एका शब्दाबद्दल. एकदा दप्तर पाठीला मारून जिना उतरता उतरता तो "ताई, जातो" असं ओरडला होता. वरून आवाज आला, "मागे फिर. वर ये. नीट म्हण, मग जा." तो उंबऱ्यापर्यंत परत चढून आला, "येतो" म्हणाला, ती "ये" म्हणाली, आणि मग कुठे त्याला शाळेत जायला मिळालं. जातो म्हणणारा माणूस जातोच, असं तिचं म्हणणं. आई त्या दिवशी दवाखान्यात निघताना तसंच म्हणाली होती, हे तिने त्याला फार पुढे सांगितलं.

तेव्हापासून काकांच्या तोंडात ‘येतो’ इतकं बसलं की वाण्याला, डॉक्टरला, बस कंडक्टरलाही ते येतो म्हणत. ताईसुद्धा लग्न करून परदेशी निघाली तेव्हा "येते रे बारक्या" म्हणूनच गेली. आली मात्र नाही. आधी मुलं लहान होती, मग नवऱ्याचं दुकान, मग गुडघे. काकांनी कधी विचारलं नाही. येते म्हणाली आहे ना, मग येईल, असा त्यांचा हिशेब होता.

बायकोनेच सुचवलं की व्हिसाच्या कचेरीला फोन करून लवकरची तारीख मागून बघा. काकांनी केला. बराच वेळ यंत्रातली बाई एक दाबा, दोन दाबा करत राहिली. मग एकदम खरा माणूस लागला आणि काकांची त्रेधा उडाली. माणूस मात्र भला होता. कुणीतरी आत्ताच जागा सोडली आहे, उद्या सकाळची आहे, असं तो म्हणाला. पण ती घेतली तर आधीची तारीख रद्द होईल. आणि कागद अपुरे निघाले तर सगळं पहिल्यापासून. नोकरीचं पत्र आहे ना तुमच्याकडे?

काकांकडे होतं ते पत्र महिनाअखेर सेवा समाप्त होणार असल्याचं होतं. त्याला नोकरीचं पत्र म्हणावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. चुकीचं पाऊल पडलं तर हातची तारीखही जायची.

"घरी विचारतो आणि सांगतो," ते म्हणाले. "बरं. येतो."

"नक्की येताय?"

एवढ्या आपुलकीने विचारतोय बिचारा, असं वाटून काका म्हणाले, "हो हो, येतो."

फोन ठेवून त्यांनी बायकोला हकीकत सांगायला तोंड उघडलं, तोच मोबाइल किणकिणला. मुलाखत उद्या सकाळी. आधीची तारीख आपल्या विनंतीवरून रद्द करण्यात आली आहे. काकांनी ते दोनदा वाचलं, मग बायकोने वाचलं.

"अहो, तुम्ही विनंती केलीत कधी?"

"मी कुठे केली? मी तर नुसतं येतो म्हणालो."

बायकोने कपाळाला हात लावला. "फोनवर येतो म्हणतात का कुणी? फोनवर ठेवतो म्हणतात!"

परत फोन लावला तर कचेरी बंद झाली होती. हे चांगलं झालं की वाईट, यावर दोघांचं रात्री जेवताना एकमत होईना. बायकोने सदऱ्याला इस्त्री केली. काकांनी ते समाप्तीचं पत्र आधी पिशवीत ठेवलं, मग बाहेर काढलं, मग पुन्हा आत ठेवलं.

सकाळी काचेपलीकडे भाच्याच्या वयाची एक मुलगी होती. तिने कागद चाळले, पत्रापाशी थांबली. इथली नोकरी संपतेय, तिकडे सख्खी बहीण आहे, तर तुम्ही परत येणार कशावरून, असं तिने विचारलं. आवाजात खोच नव्हती, कामाचा प्रश्न होता.

काकांना पुष्कळ सांगता आलं असतं. घर इथे आहे, बायको इथे आहे, विमानात बसायचीच भीती वाटते. पण त्या गोंधळात यातलं एकही आठवेना.

"निघताना येतो म्हणूनच निघणार ना," ते म्हणाले.

"येतो म्हणजे कुठे?"

"घरी."

तिने त्यांच्याकडे जरा बघितलं आणि काहीतरी टाइप केलं. काय ते काचेवरच्या उजेडामुळे दिसलं नाही. पासपोर्ट तिने ठेवून घेतला. आता मेसेज येईल, म्हणाली. होईल का, असं त्यांनी विचारलं, तर मेसेज येईल, असंच पुन्हा म्हणाली. काका उठले.

"बरं, येतो."

"आता यायची गरज नाही काका. मेसेज येईल."

बाहेर येऊन ते फुटपाथवर उभे राहिले. आनंद करावा की काळजी, हे त्यांना कळेना, म्हणून ते कामावर गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्ट तळमजल्यावर होती तेव्हा भाच्याचा फोन आला. आई जागी आहे, बोलायचं म्हणतेय, असं तो म्हणाला. लिफ्ट मजल्यांच्या मधे गेली की फोन मुका व्हायचा, म्हणून काकांनी जाळीच्या दारात पाय घालून ठेवला. दार उघडं असलं की लिफ्ट जागची हलत नाही.

ताईचा आवाज फार लांबून आल्यासारखा होता. काय झालं रे तारखेचं, असं तिने विचारलं. कागद दिलेत, आता मेसेज येईल, असं त्यांनी सांगितलं. मग जिन्यांच्या चित्रांची गंमत सांगितली. तीन पायऱ्यांच्या वादापाशी ती हसली. हसता हसता खोकला लागला, आणि तो थांबेपर्यंत काका फोन कानाला घट्ट धरून उभे राहिले.

"दमले रे बारक्या," ती म्हणाली. "जाते मी आता."

 वर कुणीतरी घंटी दाबली होती.

"ताई," ते म्हणाले, "मागे फिर."

त्यांनी दारातला पाय आणखी आत सरकवला.

"वर ये. नीट म्हण, मग जा."

आता दोन मजल्यांवरून घंट्या वाजू लागल्या. एवढ्या वर्षांत काकांनी कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. कुणीतरी जिन्यात वाकून हाकही मारली. काकांनी पाय काढला नाही.

बऱ्याच वेळाने, एकेक पायरी चढून आल्यासारखा, ताईचा आवाज आला.

"येते."

"ये," काका म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला नाही. दारात पाय देऊन ते तसेच उभे राहिले आणि वरची माणसं जिन्याने उतरू लागली.