सव्वीस इंची बॅग

माझ्या छोटीच्या झबल्यांसाठी आणलेल्या टेपनेच मी बाबांचं क्लॅरिनेट मोजलं. सव्वीस इंच. मग ते छोटीच्या दुपट्यात गुंडाळून बाबांनी छातीशी धरलं आणि आम्ही तिघं वाद्यांच्या दुकानात आलो.

खांद्याच्या ऑपरेशननंतर त्यांना क्लॅरिनेटची लाकडी पेटी उचलवत नव्हती. बँडच्या मास्तरांचा दोनदा फोन येऊन गेला होता, रविवारी या, तुमची खुर्ची रिकामीच ठेवलीय. पण आपलं ओझं दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यांतले बाबा नव्हेत. पाठीला लावायची मऊ बॅग मिळाली तरच ते जाणार. नाहीतर आई गेल्यापासून वर्षभर थांबलेलं वाजवणं कायमचंच थांबणार, हे मला दिसत होतं.

माप ऐकून दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "सव्वीस? ताई, बंदूक न्यायचीय का?"

क्लॅरिनेट सुटं करून ठेवतात म्हणे. त्याने पाच खाचांची एक आखूड बॅग पुढे केली. मी ओशाळले. वाजवणाऱ्याच्या घरात वाढूनही विसरले होते. वर्षभर ते कोपऱ्यात जोडलेलंच उभं होतं ना.

बाबांनी त्या बॅगेला हात लावला नाही. "लांबच द्या."

दुकानदाराने परोपरीने समजावलं. जोडून ठेवलं की जोडांवरचं बूच दबतं, हवा गळते, सूर धरत नाही. बाबा ऐकत होते, पण ढिम्म. शेवटी मीच विचारलं, का?

"सुटं करणं तुझ्या आईचं काम."

ते खरंच होतं. वाजवून झालं की बाबा क्लॅरिनेट तिच्या मांडीवर ठेवत. ती ते सुटं करी, आतून फडकं ओढून पुसे, पेटीत लावी.

"दवाखान्यात निघाली त्या सकाळी तिनेच जोडून ठेवलं," बाबा म्हणाले. "म्हणाली, आल्यावर ऐकते."

आणि मी वर्षभर त्यावरची धूळ झटकत मनात म्हणत होते, बाबा किती आळशी झालेत.

दुकानदार उगाच मागचं कपाट आवरू लागला. मी म्हटलं, लांबच घेऊ बाबा, पण रविवारी जाल ना?

बराच वेळ ते दुपट्यावरून हात फिरवत राहिले. मग दुपटं सोडलं. "बेसूर वाजलं तर तीच आधी बोलेल मला." त्यांनी मधला जोड फिरवून पाहिला. हलेना. खांद्यात कळ आली असावी.

"धर खालून. हळू. लोणच्याची बरणी नाहीये ती."

मी धरलं, त्यांनी फिरवलं. बारीकसं करकरून जोड सुटला. खालचा भोंगा छोटीने तोंडात घातला. बाबांनी तो काढून आपल्या बाहीला पुसला.

पाच तुकडे पाच खाचांत बसले. कडेला एक कप्पा उरला होता. बाबांनी शर्टाच्या खिशातून आईचं फडकं काढलं, घडीचं, आणि त्यात ठेवलं.

दाराशी मी बॅग उचलायला गेले. त्यांनी ती आधीच चांगल्या खांद्याला अडकवली होती.

"असू दे," ते म्हणाले. "तू पोरीला घे."